अमेरिका दर गुरुवारी

कुंदाबाई भामऱ्यांनी रुपचंद बैसाणेला पहिल्यांदा पाहिलं ते साक्रीहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत. खरं सांगायचं तर आधी त्याला पाहिलंच नाही, आधी पाहिला तो त्याचा टीव्ही. १९८८ सालचा मे महिना, लग्नाची दाट तिथी, गाडी खच्चून भरलेली. बाई धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. भाचीचं लग्न उरकून त्या परत निघाल्या होत्या. उभं राहून पायाला रग लागली तेव्हा त्यांना दिसलं, की खिडकीजवळच्या जागेवर गोधडीत गुंडाळलेलं आणि सुतळीनं बांधलेलं एक मोठं गाठोडं ऐसपैस बसलं आहे.

"हे कुणाचं सामान? वर ठेवा बघू, मला बसू द्या."

शेजारी दांड्याला धरून उभा असलेला पस्तिशीचा सडपातळ माणूस अदबीनं अहिराणीत म्हणाला, "बाई, त्यानं तिकीट काढेल शे." आणि त्यानं खिशातून खरोखरच दोन तिकिटं काढून दाखवली.

"सामानाचं तिकीट? मग तुम्ही का उभे?"

"मन्ही जागा त्या मायले दिधी." त्यानं पलीकडे डुलक्या घेणाऱ्या एका म्हातारीकडे बोट केलं. "मी हुभा राही सकस. टीव्हीले नही जमत."

कंडक्टर मागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाद घालू नका, मी घालून बसलोय. मला आधी वाटलं पेशंट आहे. मी त्या गोधडीला दोनदा विचारलं, कुठं उतरणार म्हणून."

बाई धुळ्यापर्यंत उभ्यानं आल्या. मुक्कामाला पोचल्यावर त्या माणसानं गाठोडं बाळंतिणीला उतरवावं तसं उतरवलं, बाईंना मान लववून नमस्कार केला आणि रिक्षावाल्याला बजावलं, "भो, खड्डा चुकाडजो." बाईंना त्याचा रागही आला आणि हसूही आलं. मग त्या त्याला विसरून गेल्या.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि त्यांना दुसराच घोर लागला. तिसऱ्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हा पेपर बाई शिकवत. त्या वर्षी त्याला नऊ मुलं होती. संस्थेचे सेक्रेटरी धनसिंग नाना गिरासे. मिशा पांढऱ्या, टोपी त्याहून पांढरी, बाजार समितीच्या राजकारणात मुरलेला गडी. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मॅडम, नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत."

"नाना, पण विषय महत्त्वाचा आहे."

"असेल. पण अमेरिका शिकवून पांझरेला पाणी येणार आहे का? पुणे विद्यापीठाला परीक्षेचे फॉर्म जातील तोवर पोरांना पेपर बदलता येतो. तोवर तुमच्या वर्गात वीस डोकी दिसली तर ठीक. नाहीतर हा पेपर बंद, आणि तुमची सोय आपल्या पिंपळनेरच्या शाखेत."

पिंपळनेर काही वाईट गाव नव्हे. पण तिथं जायला एसटीनं तीन तास आणि यायला तीन. घरी बाईंच्या सासूबाई अर्धांगानं खाटेवर होत्या. दुपारच्या सुटीत बाई सायकलरिक्षानं घरी जात, त्यांना कुशीवर वळवत, चार घास भरवत आणि परत तासाला येत. म्हणजे नानांनी पेपर बंद केला तर अमेरिकेचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं ते त्या खाटेपाशी.

बाईंना विषय यायचा मात्र पक्का. सनावळ्या तर अशा, की झोपेत विचारलं तरी दिवसासकट सांगतील. अडचण एवढीच, की त्या जाग्या असताना सांगत आणि मुलं झोपेत ऐकत.

त्यांचा धाकटा दीर अमेरिकेत ओहायोत इंजिनियर होता. वहिनींची तक्रार पत्रातून त्याच्या कानावर गेली. तिथल्या एका शाळेनं जुन्या म्हणून काढून टाकलेल्या शैक्षणिक व्हिडिओ कॅसेटींचा संच त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून दिला. दहा कॅसेटी होत्या. पहिल्या गोऱ्या वस्त्यांपासून थेट आजच्या संसदेपर्यंत, नट घेऊन नाटकासारखं सगळं रचलेलं. बाईंनी खोक्याला हळदकुंकूच लावायचं काय ते बाकी ठेवलं. कॉलेजात एक व्हीसीआर होता. नानांच्या एकसष्टीचं चित्रीकरण पाहायला घेतलेला. त्यात हाताला आली ती कॅसेट घातली. रंग उडालेले, आणि जॉर्ज वॉशिंग्टन जो पडद्याच्या खालून वर जायला लागला तो थांबेचना. पुढच्या बाकावरचा हिलाल म्हणाला, "मॅडम, हे लिफ्टमध्ये आहेत का?"

आग्रा रोडवरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं निदान केलं. अमेरिकेतल्या कॅसेटी वेगळ्या पद्धतीनं भरलेल्या असतात, आपल्या मशीनला त्या वाचता येत नाहीत. सगळ्या देशांच्या कॅसेटी चालवणारं मशीन आणि टीव्ही गावात एकाकडेच आहे. व्हिडिओवाला रुपचंद बैसाणे, त्याचा साडू कुवेतला असतो.

साक्री रोडच्या मागच्या वस्तीत बाई पत्ता विचारत गेल्या. दार उघडताच समोर गोधडीतला टीव्ही दिसला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. घर दोन खोल्यांचं, चकचकीत सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, फळीवर राज्यघटनेची मराठी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. रुपचंदनं बाईंना ओळखलं. त्यानं घाईघाईनं खुर्ची पुसली. "बसा बाई. आठे तिकीट नही लागत," तो म्हणाला.

रुपचंदचा धंदा खेड्यावर व्हिडिओ दाखवण्याचा. लग्न, बारसं, पोळा, काही असो. टीव्ही आणि मशीन घेऊन तो जायचा, एका बैठकीत तीन पिक्चर दाखवायचा आणि एसटीनं परत यायचा. आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, तो मशीनला सुटी देत असे. त्या दिवशी मशीन उघडून तो कापसानं आतला भाग पुसायचा. ही सुटी त्याची बायको कलाबाईलाही कधी मिळाली नव्हती; तसं ती चहा देताना बाईंना म्हणालीच.

बाईंनी गरज सांगितली. सासूबाईंचंही सांगितलं, का सांगितलं ते त्यांनाही कळलं नाही. रुपचंदनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरवारले उसू. भाडं नको. पण माले वर्गमा बसू देवो. मशीन सोडीसन मी कथाच जात नही." मशीन सोडून तो कुठे जात नाही हे बाईंनी एसटीत पाहिलंच होतं.

पहिल्या दोन गुरुवारी, दुपारी तीनच्या तासाला, सगळं शिस्तीत झालं. वॉशिंग्टन जागच्या जागी उभा राहिला. रंग तर असे, की इंग्रजांचे लाल कोट पाहून मागचा बाकही सरळ बसला. पण कॅसेटमधलं इंग्रजी अमेरिकन, नाकातून येणारं. दहा मिनिटांत हिलालची मान पडली, मग त्याच्या शेजाऱ्याची. बाई मध्येच थांबवून सन सांगत, त्यानं उरलेले दोघे पडत. मुलं नवाची अकरा झाली, ती रंगीत टीव्हीमुळे. रुपचंद कोपऱ्यात स्टुलावर बसून एकदा पडद्याकडे बघे, एकदा मुलांकडे. आपल्या मशीनसमोर भरदुपारी माणसं झोपतात, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

तेवढ्यात बाईंना पुण्याच्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. टाळता येण्यासारखं नव्हतं. धाकटी नणंद सासूबाईंपाशी येऊन राहिली. बाईंनी उरलेल्या कॅसेटी रुपचंदच्या हवाली केल्या. "दर गुरुवारी एक लावा. वर आकडे आहेत. काही बोलायची गरज नाही," असं सांगून त्या गेल्या.

परत आल्या तो गुरुवारच होता. कॉलेजच्या पत्र्याच्या शेडजवळ येताच त्यांना दिसलं, की त्यांच्या वर्गाच्या खिडक्यांना मुलं लटकली आहेत. आग लागली की काय, म्हणून त्या धावल्या. आत बाकं भरून मुलं खाली बसली होती. कॉमर्सची होती, सायन्सची होती, कँटीनचा उखर्डू किटली घेऊन दारात उभा होता. कॅसेटचा आवाज बारीक केलेला, आणि रुपचंद हातात रूळ घेऊन पडद्याशेजारी उभा.

"हाई बोस्टन गाव. बंदरमा जहाज लागेल शे, जहाजमा चहानी पेट्या. इंग्रज म्हणस, चहावर कर देवो. लोक म्हणतस, आमले इचारा का? आमना माणूस तुमना सभामा शे का? नही ना? मंग देखा!" पडद्यावर पेट्या धडाधड पाण्यात पडल्या. "बठ्ठा चहा समुद्रमा! ना दूध, ना साखर!"

उखर्डू दारातून कळवळून म्हणाला, "अरारारा!"

इंग्रज शिपाई बंदुका घेऊन बंदरात उतरले, लोक पुढे सरसावले, आणि रुपचंदनं खट्कन बटण दाबलं. "पुढलं पुढला गुरवारले."

वर्गात असा आरडाओरडा झाला, की प्राचार्य बाहेर आले. "रुपचंदभाऊ, एकच मिनिट!" "भाऊ, असं नका करू!" रुपचंद शांतपणे टीव्हीला गोधडी पांघरत होता. खेड्यावरही तो हेच करायचा. मध्यंतर कुठं घ्यायचं हे पिक्चरवाल्यांना कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

बाईंनी डोकी मोजली. त्रेचाळीस. त्यांतली एकोणीस तिसऱ्या वर्षाची होती. त्यांना गहिवरून आलं. त्याच भरात त्यांनी हिलालला उभं केलं. "सांग बरं, अमेरिका स्वतंत्र कशी झाली?"

हिलाल पूर्वी अशा वेळी छताकडे बघायचा. आज तो घडाघडा बोलला. "मॅडम, आधी उत्तर आणि दक्षिण यांच्यात गुलामांवरून मोठी लढाई झाली. लिंकननं गुलाम मोकळे केले. ते बघून इंग्रज घाबरले. मग लोकांनी त्यांचा चहा बुडवला आणि वॉशिंग्टननं त्यांना हाकलून दिलं."

बाई खुर्चीत बसल्या. ज्या बाईनं आयुष्यात एक सन चुकवला नाही, तिच्या वर्गात एकोणीस मुलांनी लिंकनला वॉशिंग्टनचा आजोबा करून ठेवला होता.

"रुपचंद, कॅसेटींवर आकडे होते ना?"

"व्हतात ना बाई."

"मग?"

त्यानं समजावून सांगितलं, आणि त्याच्या दृष्टीनं त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं. खेड्यावर तीन पिक्चर लावायचे तर मारामारीचा पहिला लावायचा, म्हणजे लोक बसतात. गाण्याचा दुसरा. घरगुती, रडारडीचा शेवटी, तोवर निम्मं गाव झोपलेलं असतं. कॉलेजातल्या एका मुलाकडून इंग्रजी समजून घेत त्यानं सगळ्या कॅसेटी घरी बसून पाहिल्या होत्या. सगळ्यांत मोठी मारामारी सातव्या कॅसेटीत होती, म्हणून ती आधी लावली. त्याखालची तिसरीत. संसद आणि कायद्याच्या कॅसेटीत नुसती माणसं खुर्चीवर बसून बोलतात, म्हणून त्या शेवटाला ठेवल्या.

"अहो, हा इतिहास आहे! पिक्चर नाही!" बाईंचा आवाज चढला. "फॉर्म जायचेत पुढच्या शुक्रवारी. गुरुवारी नाना स्वतः वर्ग बघायला येणार आहेत. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि हिलालनं हे उत्तर दिलं, तर मी पिंपळनेरला आणि माझी सासू..." 

 टीव्हीची सुतळी उगाच सोडून रुपचंदनं पुन्हा बांधली. मग म्हणाला, "चुकनं बाई. मी आकडाप्रमानं लावसू." आणि थोड्या वेळानं, "पण एक इचारू का? गुलामसनी लढाई मी आगोदर देखी, वॉशिंग्टननी कॅसेट मांगून. त्यामा लिखेल शे, बठ्ठा माणसं सारखा. ते कधळ लिखं?"

"सतराशे शहात्तर. चार जुलै."

"आनि गुलामसनी लढाई?"

"अठराशे एकसष्ट. बारा एप्रिल."

त्यानं बोटांवर हिशोब केला. "मंग पंच्याऐंशी वरीस काय करी राहिंतात?"

बाई पंधरा वर्षं हा पेपर शिकवत होत्या. दोन्ही सन त्यांनी हजारदा फळ्यावर लिहिले होते, एकाखाली एक. मधली वजाबाकी कुणी केली नव्हती. त्यांनीही नाही.

"आपली घटनाले त आते कुठे अडतीस वरीस व्हयनात," रुपचंद म्हणाला आणि टीव्ही उचलून निघाला.

तो आठवडा बाईंनी मुलांना धारेवर धरलं. रुपचंदनं प्रत्येक कॅसेटीवर पांढऱ्या रंगानं वीतभर मोठा मराठी आकडा काढून आणला. त्या दहा कॅसेटी फळ्याखाली रांगेत मांडून बाई मुलांना एकेक उचलायला लावत. लिंकन वॉशिंग्टनच्या आधी उचलला की सगळा वर्ग ओरडे. आणि मधली पंच्याऐंशी वर्षं त्यांनी दोन तास घेऊन शिकवली. त्या दोन तासांत कुणीही झोपलं नाही. हे टीव्हीशिवाय घडलं, याची नोंद बाईंनी मनात करून ठेवली.

गुरुवारी नाना आले. पुढच्या खुर्चीवर काठी टेकून बसले. "चालू द्या तुमचा तमाशा," ते म्हणाले. तिसऱ्या वर्षाची तोवर सत्तावीस मुलं झाली होती, पण नानांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की ते आकडा बघायला आले नाहीत. त्यांना पिंपळनेरची जागा भरायची होती.

रुपचंदनं आठवी कॅसेट लावली; आधीच्या सगळ्या त्यानं त्या आठवड्यात रोज संध्याकाळी येऊन आकड्यांप्रमाणं दाखवून संपवल्या होत्या. लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्यातलं भांडण. मारामारी अजिबात नाही, नुसती खुर्चीवर बसलेली माणसं. 

"हाऊ राष्ट्राध्यक्ष," रुपचंदनं रूळ टेकवला. "संसदनं आनि यानं पटत नही. त्या कायदा करतस, हाऊ नही म्हणस. त्या परत करतस. आते त्यासनी ठराव आना, याले खुर्चीवरतून काढा."

नानांची काठी हलली. "अविश्वास ठराव?"

"तसंच समजा नाना. पण याले काढानं व्हई तर तीनमाईन दोन हात पाहिजेत. सभामा चोपन्न माणसं. छत्तीस हात हुभा राहिनात, तर हाऊ गया."

चार वर्षांपूर्वी बाजार समितीत नानांवर असाच ठराव आला होता आणि ते एका मतानं राहिले होते. हे सगळ्या धुळ्याला माहीत होतं. रुपचंदला माहीत होतं की नाही, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. नाना खुर्चीच्या कडेवर आले. पडद्यावर एकेक सभासद उठून मत देत होता. "ह्याला कुणी फोडलं?" नानांनी विचारलं. "हा दाढीवाला पलटणार बघा! तोंडावरून कळतं." मुलं मोजत होती, नाना मोजत होते. पस्तीस हात झाले. शेवटचा एक माणूस उठायला लागला.

खट्. पडदा काळा झाला.

"पुढलं पुढला गुरवारले," रुपचंद म्हणाला.

नाना ताडकन उठले. "अरे ए! लाव ते! राहिला का गेला?"

"नाना, मशीन तापनं."

"मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत असेलच."

कुंदाबाईंना माहीत होतं. सन, महिना, वार, मतांचा आकडा, शेवटच्या माणसाचं नाव. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी जन्मात कधी अडवून ठेवलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, रुपचंदकडे पाहिलं, तो सुतळी बांधण्यात गढला होता. त्यांनी तोंड मिटलं.

"ते अभ्यासक्रमात आहे, नाना," त्या म्हणाल्या. "पुढल्या गुरुवारी. पेपर राहिला तर."

 नाना मिशीत हसले. "मॅडम, तुम्ही बाजार समितीला उभ्या राहा," ते म्हणाले. जाताना त्यांनी कारकुनाला सांगितलं, की सत्तावीसचे सत्तावीस फॉर्म उद्या पुण्याला जाऊ देत. पुढल्या गुरुवारी ते पावणेतीनलाच येऊन बसले. राष्ट्राध्यक्ष एका मतानं राहिला, तेव्हा सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली.

त्या वर्षी सत्तावीसपैकी तेवीस मुलं पास झाली. हिलाल दुसऱ्या वर्गात आला. नापास झालेल्या चौघांपैकी एकाला शेवटचा प्रश्न लिहायला वेळ पुरला नाही, म्हणून त्यानं उत्तरपत्रिकेच्या तळाला 'उर्वरित पुढील गुरुवारी' असं लिहून ठेवलं. तपासनीसानं त्याला त्याचे गुण दिले नाहीत. बाईंना हे पुण्याच्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून कळलं, आणि त्यांनी रुपचंदला बोलावून त्याची खरडपट्टी काढली. तो फार आनंदला.

बाईंच्या सासूबाई आणखी सहा वर्षं जगल्या आणि धुळ्यातच, आपल्या खाटेवर गेल्या. बाईंची बदली झाली नाही, आणि त्यांचा तो पेपर अजून चालू आहे. आता गावोगाव केबल आली आहे. व्हिडिओ दाखवायला कुणी बोलावत नाही. रुपचंदनं देवपुरात एसटीडीचा बूथ घेतला आहे. बूथवर सगळ्या देशांचे कोड त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून लावले आहेत, अमेरिकेचा सगळ्यांत वर. बूथ सकाळी सातपासून उघडा असतो. गुरुवारी दुपारी अडीच ते साडेचार तो बंद असतो.